हितसंबंध

लेनर्ड ॲस्क्यूने चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला आणि दर बैठकीच्या सुरुवातीला विचारायचा तो प्रश्न विचारला.

"आजच्या विषयांपैकी कशात कुणाचा हितसंबंध गुंतलाय का?"

एरवी या प्रश्नाला उत्तर मिळत नसे. कुणीतरी चहात बिस्कीट बुडवायचं, कुणीतरी खुर्ची सरकवायचं आणि लेनर्ड पुढे जायचा. शाळेचं नियामक मंडळ दुसरीच्या वर्गात, दुसरीच्या मुलांच्या खुर्च्यांवर भरायचं, आणि गुडघे हनुवटीला लागलेले असताना माणूस तत्त्वाच्या गोष्टी फार वेळ करत नाही. आज मात्र लेनर्ड थांबला. त्याने नोरीन टिल्डस्लीकडे पाहिलं.

त्या नजरेचा अर्थ नोरीनला लगेच कळला, कारण ती नजर तिनेच त्याला शिकवली होती.

हिवाळ्यात शाळेच्या छपराचं काम लेनर्डच्या मेहुण्याला मिळालं होतं. लेनर्डने घरोघरी फोन फिरवून मतं गोळा केली होती. बंदराच्या रस्त्यावर नोरीनचं केस कापायचं दुकान होतं. तिची कात्री आणि जीभ सारख्याच वेगाने चालत. पुढच्याच बैठकीत तिने लेनर्डला सर्वांसमोर धुऊन काढलं. शाळा काय तुझ्या सासुरवाडीची आहे का, असंही विचारलं. शेवटी तिने दोन नियम करून घेतले. ज्याचा हितसंबंध त्याने खोलीबाहेर जायचं, आणि फोनवरून मत द्यायचं नाही. लेनर्डचे कान लाल झाले होते, पण हात त्यानेही वर केला होता. आठवडाभर गावात जो भेटेल तो नोरीनची पाठ थोपटत होता.

आजचा मुख्य विषय होता मिस ऑटवेचा वाचनाचा वर्ग. शेवटच्या वर्षाची पाच मुलं जेवणानंतर कोट टांगायच्या खोलीशेजारी तिच्यापाशी बसत. वर्गाला ईस्टरपर्यंतच मंजुरी होती. पालकसंघ पुढे जुलैपर्यंत भार उचलायला तयार होता, फक्त मंडळाने हो म्हणायला हवं होतं. तेही लवकर, कारण मिस ऑटवेला पलीकडच्या गावातल्या शाळेने बोलावलं होतं आणि तिला शुक्रवारी उत्तर द्यायचं होतं. सप्टेंबरात मुलं मोठ्या शाळेत जाणार. तिथे कुणी कुणाचं बोट धरून अक्षरावर ठेवत नाही.

त्या पाचांत नोरीनची नात होती, केझिया. नाताळापर्यंत ती चित्राकडे बघून वाक्य मनानेच रचायची, आणि इतक्या झोकात की पोरीला छान वाचता येतं अशी घरात सगळ्यांची समजूत. खरं कळलं त्या दिवशी नोरीन दुकानाच्या मागच्या खोलीत बसून रडली होती. आता मात्र पोर अक्षराला अक्षर लावायला लागली होती.

आज मतं पुरणार होती. नोरीन, पालकांचा प्रतिनिधी म्हणून आलेला ग्लिन, शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून स्वतः मिस ऑटवे, आणि पाद्री प्रुडन्सबाई. प्रुडन्सबाईंना नोरीनने त्यांच्या कपाळावरच्या बटा कापता कापताच वळवलं होतं.

"नोरीन," लेनर्ड म्हणाला, "केझिया त्या वर्गात आहे ना?"

"आहे की. म्हणून तर मी बोलणार आहे."

"म्हणूनच बोलता येणार नाही."

"मग माझा टोबीपण आहे," ग्लिन म्हणाला. तो मासळीची व्हॅन चालवायचा आणि तिचा वास त्याच्याआधी खोलीत यायचा. "मलापण हाकला."

"तुलापण, ग्लिन."

मिस ऑटवेने तोवर पेनाला टोपण लावलं होतं. "माझी तर नोकरीच आहे ती," ती म्हणाली आणि उठली.

"अरे पण लेनर्ड, छपराचं कंत्राट कुठं आणि हे कुठं! मला काय मिळणारेय यातून? पोरीला वाचता येईल, एवढंच ना?"

"तुझ्यासाठी ते 'एवढंच' नाहीये, नोरीन."

त्याच्या आवाजात सूड असता तर तिने त्याला तिथल्या तिथे सोलून काढलं असतं. पण तो नव्हता.

"नियम तू करून घेतलास," तो म्हणाला. "बरोबरच केलास. आता माणूस बघून मी तो वाकवला, तर उद्या तूच माझी मानगूट धरशील."

नोरीनने मुख्याध्यापिका गारसाइडबाईंकडे पाहिलं. त्या आपल्या कपात पाहत होत्या.

"धरीन," नोरीन म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नाही. तिने पर्स उचलली आणि ग्लिनच्या मागोमाग बाहेर गेली.

बाहेर कोटांच्या खुंट्यांखाली केझिया चिप्स खात बसली होती. आई कामावर असली की ती अशीच आजीची, तिच्या 'नॅन'ची, वाट बघत बसायची.

"संपलं, नॅन?"

"नाही गं. आम्हाला बाहेर काढलं."

"का? काय केलंत?"

"तुमचे नातेवाईक निघालो आम्ही," ग्लिन म्हणाला. "रंगेहाथ पकडलं."

केझिया हसली. मग उठून भिंतीपाशी गेली. तिथे मंडळाच्या सदस्यांचे फोटो लावले होते आणि वर मोठ्या अक्षरांत एक ओळ होती. तिने बोटावरचं मीठ चाटलं आणि तेच बोट उंच करून अक्षरांखाली धरलं.

"या... शा-ळे-ची... ज... जबा..."

नोरीन पुढे सरसावली. मिस ऑटवेने तिच्या दंडावर हात ठेवला. बोलू नका. गिऱ्हाइकाला कधी वाक्य पुरं करू न देणारी नोरीन दातांत जीभ धरून उभी राहिली. ग्लिननेही खिशातली किल्ल्यांची खुळखुळ थांबवली.

"जबा-ब... दा... जबाबदारी!" केझियाने मान वळवली. "या शाळेची जबाबदारी यांच्यावर आहे. नॅन, यात तुझापण फोटो आहे. तुझ्यावर आहे!"

"कुणी सांगितलं होतं का तुला?"

"नाही! मी वाचलं." पोरीला रागच आला.

मिस ऑटवे भिंतीकडे तोंड करून कुणाचा तरी कोट नीट टांगू लागली. नोरीनला वाटलं, दार ढकलावं, पोरीला उचलून त्या बुटक्या टेबलावर उभं करावं आणि म्हणावं, हा बघा माझा हितसंबंध. तिचा हात दाराच्या मुठीपर्यंत गेलाही.

दार आतून उघडलं. लेनर्डच होता.

"या आत."

"ठरलं?"

"ठरवताच आलं नाही." त्याने दार हळूच ओढून घेतलं. "निर्णयाला निदान चार जण लागतात. आत आम्ही तिघंच उरलो. डॉक्टर स्पेनमध्ये."

हा डॉक्टर म्हणजे मंडळावरचा सातवा माणूस, गावातला दंतवैद्य.

"मग फोन लाव ना त्याला," नोरीन म्हणाली.

लेनर्ड आपल्या बुटांकडे बघत राहिला. आपण काय बोललो ते नोरीनला तेव्हा कुठे ऐकू आलं.

"ईस्टरनंतर तो आला की पहिला हाच विषय घेऊ," तो म्हणाला.

"मला शुक्रवारी कळवायचंय," मिस ऑटवे म्हणाली.

"माहितेय मला." त्याने चष्मा काढला, पण पुसला नाही. "प्रुडन्स तुमच्या बाजूनं होती. गारसाइडबाईपण. आणि खरं सांगू का नोरीन, मीसुद्धा."

ग्लिनने एक शिवी हासडली आणि पोर समोर आहे हे आठवून तिचा खोकला केला.

"चला," लेनर्ड म्हणाला. "सभागृहाच्या पडद्यांचा विषय राहिलाय. तुम्ही आलात की संख्या पुरते."

ते आत गेले आणि पुन्हा त्या बुटक्या खुर्च्यांवर बसले. पडद्यांचं कापड कुणीतरी भेट दिलेलं होतं, हिरवं घ्यायचं की तपकिरी एवढंच ठरवायचं होतं. तपकिरीवर मळ दिसत नाही, असं गारसाइडबाई म्हणाल्या. हिरव्याने उजेड वाटतो, असं प्रुडन्सबाई म्हणाल्या. दार नीट लागलं नव्हतं. फटीतून केझियाचा आवाज येत होता. ती आता फोटोंखालची ओळख वाचू लागली होती.

"दं... त... दंत... वै..."

आवाज अडला.

"हिरव्याच्या बाजूनं कोण?" लेनर्डने विचारलं.

ग्लिनने हात वर केला. मिस ऑटवेनेही केला, पण ती दाराकडे बघत होती आणि तिचे ओठ आवाज न करता पुढचं जोडाक्षर पुन्हा पुन्हा म्हणत होते. नोरीनने त्या ओठांकडे पाहिलं आणि आपलाही हात वर केला. बाकीचेही हात वर गेले, तपकिरीवाल्या गारसाइडबाईंचासुद्धा.

"एकमतानं," लेनर्ड म्हणाला.

बाहेर केझियाने तो शब्द परत पहिल्यापासून सुरू केला.