मस्कतची उंची

साधनावहिनींच्या डाव्या कानाच्या पडद्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती. पहिली टिकली नाही. दुसरीला आठ महिने झाले होते आणि ती टिकली होती. कानाच्या डॉक्टरांनी विमानप्रवासाला परवानगी दिली होती; तरीही मस्कतचे तिकीट पंधरा दिवस कपाटात पडून होते. त्यांची मुलगी आभा तिथे सातव्या महिन्यात होती. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, असे ठरले होते. परंतु तिला अंथरुणातून उठायचीच मनाई झाल्यामुळे आता माहेरानेच तिकडे जायचे होते. विमान बुधवारचे होते.

रविवारी दुपारी त्या आणि गोविंदराव गंगापूर रोडवर माझ्या घरी आले. आमच्या महाविद्यालयात गोविंदराव वाणिज्य शिकवत, मी भौतिकशास्त्र. निवृत्तीनंतर, म्हणजे २००३ पासून, मी संगणकावर प्रवासी विमान चालवत असे.

"विमानात हवेचा दाब कसा राखतात, ते हिला एकदा दाखवा हो," गोविंदराव म्हणाले. "माझ्या सांगण्यावर विश्वास नाही. चाळीस वर्षांत कधी नव्हताच म्हणा."

"तुम्ही विमानात बसलात तरी का कधी?" वहिनी म्हणाल्या.

मी पडद्यावर विमानाच्या छताकडचे बटणांचे फलक आणले आणि समजावून सांगितले. वर हवा विरळ असते, म्हणून विमान बाहेरची हवा आत कोंबते आणि मागच्या एका झडपेतून ती मोजून सोडते. वैमानिकाने दोनच आकडे लावायचे: किती उंच जाणार आणि जिथे उतरणार त्या विमानतळाची उंची किती. पुढचे काम झडप करते. बाहेर छत्तीस हजार फूट असले, तरी आतला दाब सात हजार फुटांवरच्या हवेइतका राहतो.

"सात हजार म्हणजे कळसूबाईच्याही वर?"

"सुमारे दीड हजार फूट वर."

"आणि उतरताना?"

"आतली उंची मिनिटाला साडेतीनशे फुटांनी उतरते. हा काटा तोच वेग दाखवतो. तो तिथेच राहील."

"कसाऱ्याच्या घाटात माझ्या कानाला दडा बसतो. तिथे किती?"

मी हिशेब केला. हजार फुटांची उतरण, बसला उतरायला सुमारे वीस मिनिटे. "पन्नास."

"म्हणजे घाटाच्या सातपट," त्या म्हणाल्या. गोविंदरावांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू हा भागाकार मी केला नसता तर बरे झाले असते.

मी मुंबईहून उड्डाण केले, समुद्रावरचा वेळ भरभर पुढे ढकलला आणि मस्कतकडे उतरू लागलो. काटा साडेतीनशेवर स्थिर होता. वहिनी कानावर तळहात ठेवून त्याच्याकडे एकटक बघत होत्या. शेवटचे दोन हजार फूट उरले असताना काटा झटक्याने सरकला आणि सातशेवर थांबला.

"हे काय झालं?" त्यांनीच आधी पाहिले.

संगणकाचा दोष आहे, असे म्हणता आले असते. गोविंदरावांची तीच अपेक्षा होती. मी वरचा फलक उघडला. उतरण्याच्या उंचीच्या जागी दोन हजार हा आकडा होता.

"चूक माझी," मी म्हणालो. "मी नेहमी आपल्या ओझरच्या विमानतळावर उतरतो. ओझर दोन हजार फुटांवर आहे, म्हणून हा आकडा मी कधी बदलतच नाही. मस्कत समुद्रकाठी आहे. झडपेला वाटले, जमीन आली. तिने आपले काम थांबवले, आणि खालचे सगळे अंतर केबिन विमानाच्याच वेगाने उतरली."

"सबंध जगाचा नकाशा आहे ह्यांच्याकडे आणि उतरतात ओझरला!" गोविंदराव म्हणाले. "अहो, तिथे तर सायकलनेही जाता येतं."

वहिनी हसल्या नाहीत. "खऱ्या विमानात हा आकडा कोण बघतं?"

"दोघे. एक यादी मोठ्याने वाचतो, दुसरा त्या त्या बटणाकडे बघून उत्तर देतो."

"आणि इथे?"

"इथे मी एकटा."

रक्तपेढीत वहिनींनी सव्वीस वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम केले होते. "आमच्याकडेही पिशवी बाहेर देताना एकीनं गट वाचायचा, दुसरीनं पिशवीवर बघून सांगायचा. पाठ आहे म्हणून नाही, बघून. एकटीनं पिशवी दिलेली मी कधी चालू दिली नाही." मग खुर्ची पुढे ओढून त्या म्हणाल्या, "यादी कुठे आहे? मी वाचते."

मी छापील कागद दिला. इंग्रजी शब्द त्या सावकाश, एकेक अक्षर तपासल्यासारखे वाचत होत्या.

"लँडिंग अल्टिट्यूड?"

"पन्नास फूट."

"बघून सांगितलंत?"

मी बघितले नव्हते. बघितले, आणि पुन्हा सांगितले.

या खेपेस काटा धावपट्टीपर्यंत साडेतीनशेवरच राहिला. गोविंदरावांनी टाळी वाजवली.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" वहिनी म्हणाल्या. "घाटाच्या सातपट ते सातपटच आहे. सर, दुखेल ना?"

"दुखण्याचा संभव आहे. गिळत राहा, उतरताना झोपू नका. डॉक्टरांनी नाकात घालायचे थेंब दिले आहेत ना?"

"दिलेत. आणि पडदा फाटण्याची शक्यता?"

"ते काय म्हणाले?"

"फार कमी."

"माझ्याकडे त्याहून चांगली माहिती नाही. ही यंत्रे दाब दाखवतात, तुमचा कान दाखवत नाहीत."

"शून्य म्हणाले असते, तर मी डॉक्टर बदलला असता," असे म्हणून त्या उठल्या. "चला हो. मेथ्या भिजत घालायच्यात. तिला लाडू न्यायचेत."

गुरुवारी सकाळी मस्कतहून फोन आला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

"सर, वर जाताना काही नाही. उतरताना दुखलं, चांगलंच दुखलं. शेजारच्या बाई घाबरल्या, मी नाही. रात्रभर दडा होता, पहाटे सुटला."

"पाणी वगैरे आलं का कानातून?"

"नाही. डाव्या कानानंच ऐकतेय तुमचं." पलीकडे, दूरच्या खोलीतून कुणीतरी हाक मारली. मला ती जेमतेम ऐकू आली. "आले गं!" वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.