रेजाची शीग

मुनशी भैयालालने पोत्यातून शेर भरला आणि मापावर चढलेली तांदळाची शीग काठीने पाडून टाकली.

"सपाट कावून?" रत्नमालाने विचारलं. "मघा त्या पुढच्या मानसाले तर शिगेचा दिला."

"तो गडी हाये, बाईजी. रेजाले सपाटच."

रत्नमाला दुर्गच्या शाळेत शिकवायची. तिची आई अंजनाबाई भिलाईच्या कारखान्याचा पाया खणायच्या कामावर रेजा, म्हणजे मजूर बाई, होती. ठेकेदाराकडे चार वर्षं तिने डोक्यावरून माती वाहिली. रोजी म्हणून दिवसाचा शेरभर तांदूळ आणि वर थोडे पैसे. मंगळवारी पाटीसकट खाली बसली, ती उठलीच नाही. तिचा शेवटच्या सहा दिवसांचा थकलेला तांदूळ न्यायला लेक आली होती.

घरी आई कुणाला उसनं द्यायची तेही शीग लावून. रत्नमाला हसली की म्हणायची, "सपाट द्याले तो का दुश्मन हाये?" आपल्याला मात्र रोज सपाट मिळतं, हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

रत्नमालाने वाचलं होतं, की जुन्या ग्रीकांचं खोइनिक्स नावाचं माप म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं धान्य. वाळवंटातल्या हिब्रू लोकांच्या कथेतलं ओमेर हे माप तर दरडोई एकेक. त्यात बाई-गडी असा भेद नव्हता. वाळवंटात भटकणाऱ्यांना हजारो वर्षांपूर्वी जे कळलं, ते परदेशातून यंत्रं मागवणाऱ्यांना कळू नये?

"गड्याची पाटी मोठी होती का, मुनशीजी?"

पाट्या एकसारख्याच असतात, हे भैयालालने कबूल केलं. पण नियम ठेकेदाराचा, आपण नुसते मापणारे, असंही बरंच काही बोलला. मग आवाज उतरवून म्हणाला, "बाई चांगली होती. हा शेवटचा शेर शिगेचा घेऊन जा. कोनाले सांगू नका."

सहाव्या शेरावर त्याने खरंच शीग चढवली. पांढरी, टोकदार.

मागे शेवंता टोपली घेऊन उभी होती. चार वर्षं आईच्या डोक्यावर पाटी चढवायची ती हीच. रत्नमालाने मापावरून तळहात फिरवला आणि ती शीग शेवंताच्या टोपलीत लोटली.

"हिचा शेर अजून मापायचा हाये," ती म्हणाली. "हे त्यात धरू नका."

भैयालालने शेवंताचा शेर भरला. काठी उचलली, जरा वेळ तशीच धरली, आणि मापावरून फिरवली.

शेवंताने आपला तांदूळ टोपलीत घेण्याआधी तळाची, अंजनाबाईच्या वाट्याची ती मूठभर शीग काढली आणि पदराच्या टोकाला वेगळी बांधली.