देवकाबाईंची शिकवणी

तानबाजींनी चौतीस वर्षं आर्वी आगारात कंडक्टरकी केली, अर्ध्या जिल्ह्याला तिकिटं फाडून दिली, आणि त्यांच्या स्वतःच्या बायकोला तिकीट काढता येत नव्हतं. यात देवकाबाईंचा काही दोष नव्हता. कंडक्टरच्या घरच्या म्हणून त्यांच्याकडे पास असायचा, आणि कुठल्याही गाडीत चढल्या तरी "वहिनी, बसा" म्हणणारं कोणीतरी निघायचंच. बँक, बाजार, दवाखाना, सगळं तानबाजींच्या हाती. "तिले यातलं काई समजत नाई," असं ते चारचौघांत कौतुकानं सांगायचे. आता त्या कौतुकाची त्यांना लाज वाटत होती.

झालं असं, की पोळ्याच्या सुमारास डॉक्टरांनी त्यांना एकट्यालाच आत बसवून सांगितलं, की लिव्हरमध्ये गाठ आहे, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेली. संक्रांतीपुढचं काही सांगता येत नाही. तानबाजी घरी आले आणि म्हणाले, "गॅस झाला म्हन्ते." लेक गुंजन पुण्याला, आपल्या संसारात. म्हणजे मागे एकटी राहणार ती ही बाई. मरणापेक्षा या विचारानं त्यांची झोप उडाली. दसरा उलटल्यावर त्यांनी हैदराबादची दोन तिकिटं काढली. रिटायर झाल्यावर नेतो, असं कबूल केलं होतंच. देवकाबाईंच्या लेखी ती सहल होती. तानबाजींच्या मनात शिकवणी होती. परक्या गावात जमलं, तर आर्वीत जमेलच की.

सकाळी सालारजंग म्युझियमच्या दाराशी पहिला धडा. "जाय, दोन तिकिटं घेऊन ये," म्हणत त्यांनी नोट हातात दिली आणि आपण खांबाशी उभे राहिले. देवकाबाई रांगेत उभ्या राहिल्या, खिडकीशी पोचल्या, आणि त्यांनी पिशवीतून काय काढावं? एसटीचा पास. खिडकीतल्या माणसानं तो उलटसुलट करून पाहिला. मागची रांग खोळंबली. शेवटी तानबाजींनाच धावावं लागलं.

"अवं, हे काय एसटी हाय का?" ते करवादले.

"मले काय मालूम," देवकाबाई शांतपणे म्हणाल्या.

आत बाराच्या ठोक्याला मोठ्या घड्याळापुढे ही गर्दी. घड्याळातून एक इवलासा दाढीवाला माणूस बाहेर आला, त्यानं बारा टोले हाणले आणि आत गेला. लोक हसले, पोरांनी टाळ्या पिटल्या.  तानबाजींना मात्र त्या माणसाचा हेवा वाटला, कारण तो तासाभरानं परत येणार होता.

दुपारी निजामाचं म्युझियम. तिथं कपड्यांचं एवढं लांबलचक कपाट, की या टोकावरून त्या टोकाचा माणूस ओळखू येऊ नये. एकदा घातलेला कपडा निजाम पुन्हा घालत नसे म्हणतात. देवकाबाई कपाटापाशी बराच वेळ थांबल्या.

"एवढे कपडे," त्या म्हणाल्या, "अन् त्यायच्या मागं कोनी कोनाले वाटले असतीन?"

"आपल्याले काय करा लागते," तानबाजी म्हणाले आणि घाईनं पुढं झाले.

रिक्षा ठरवण्याचा धडाही पाण्यात गेला. "मले हिंदी नाई येत," म्हणून देवकाबाई फुटपाथवर उभ्याच राहिल्या. सगळा जन्म नागपूरच्या शेजारी काढलेली बाई, आणि हिंदी येत नाही! तानबाजींच्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसभर पालथ्या घड्यावर पाणी चाललं होतं आणि उजवी कूस ठणकत होती.

संध्याकाळी ते एका जुन्या हवेलीतल्या हॉटेलात गेले. पांढऱ्याशुभ्र चादरी, फुलासारखे घडी घातलेले रुमाल, अत्तराचा वास. आपल्यासारख्यांसाठी नाकापेक्षा मोती जड, पण तानबाजींना तिला एकदा अशा ठिकाणी जेवू घालायचं होतं. त्यांनी मेन्यूकार्ड तिच्यापुढं सरकवलं.

"तू सांग, काय आनाचं ते."

"तुमीच सांगा."

"कवा शिकशीन मंग? मी नसलो तं काय उपाशी राह्यशीन?"

"राहीन," देवकाबाई म्हणाल्या.

 तानबाजींच्या कुशीत कळ आली. तोंड धुऊन येतो म्हणून ते उठले आणि बेसिन धरून कितीतरी वेळ उभे राहिले. परतताना खांबाच्या अलीकडेच त्यांचे पाय थबकले. देवकाबाई वेटरशी बोलत होत्या.

"भैया, इनके वास्ते दहीचावल लाना. तडका नको, मिर्ची बिलकुल नको. लिवर की बीमारी है उनको. पहिले गरम पानी ला दो. और चौकीदार को बोलो, आठ बजे रिक्षा लगा के रखना, टेशन जाना है हमको."

वेटर मान डोलावून गेला. देवकाबाईंनी चष्मा लावला, गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव पाहिलं, दोन गोळ्या काढून बशीत ठेवल्या.

जे पाहायला तानबाजी इतक्या लांब आले होते, ते त्यांना दिसलं. आता निर्धास्त व्हायला हवं होतं. पण त्यांना फार एकटं वाटलं. आपल्यावाचून हिचं अडणार नाही, हे खरं निघालं होतं, आणि ते त्यांच्यानं सोसवेना.

ते येऊन बसले. "कोनं सांगतलं तुले?"

"शेजारची समीक्षा नर्सिंग शिकते ना. तिच्याकून तुमची दवाखान्याची फाइल वाचून घेतली. पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी."

"मंग आज दिवसभर हे नाटक काऊन?"

देवकाबाई रुमालाची घडी मोडत राहिल्या. "तुमच्या मनातलं मले समजत नाई का? मले सारं जमलं का तुमी मोकळे. म्हनून मी जमूच देल्लं नाई." त्यांचा आवाज फाटला. "इतक्या लवकर मोकळं नोका होऊ जी."

शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता. गरम पाणी आलं. तानबाजींनी गोळ्या घेतल्या. मग त्यांनी तिच्यापुढचं कार्ड आपल्याकडं ओढलं.

"तुले तं काई येत नाई," ते म्हणाले. "आयक, मी वाचून दाखोतो."

"हाव," देवकाबाईंनी चष्मा काढून पिशवीत टाकला. "मले कुठं वाचता येते."

आणि तानबाजी ती अवघड नावं एकेक करून वाचू लागले, डोळ्यांपुढची अक्षरं पुसट झाली तरी थांबले नाहीत. वेटर येऊन उभा राहिला. देवकाबाईंनी त्याला हातानंच थांबायला सांगितलं.