पाठ फिरवलेला तक्ता

मित्रांनो, मी मूलद्रव्यांचा एक जुना तक्ता आहे आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. कापडावर छापलेल्याला कसला आलाय राग, असं म्हणाल. आधी ऐका तर खरं!

माझा जन्म छापखान्यातला. पातळ कापड, वर-खाली लाकडी दांड्या आणि देवानेच नेमून दिल्यासारखी ज्याची त्याची जागा. प्रत्येक घरात अणूच्या मापाचं काळं वर्तुळ. एकाच ओळीत बघा, डावीकडे सोडिअमचं टपोरं, उजवीकडे क्लोरीनचं एवढंसं. नवा होतो तेव्हा सर माझ्यासमोर उभे राहून असं निरूपण करत की घंटा झाली तरी वर्ग हलत नसे.

मग भिंतीला ओल आली, खिळा निसटला. प्रयोगशाळेच्या काकांनी मला खिडकीच्या गजांना बांधलं. "तात्पुरतं आहे रे बाबा," म्हणाले. ते तात्पुरतं अजून चालूच आहे! उन्हाने रंग विटला, कडा उसवल्या. आणि मुलं? माझ्याकडे पाठ करून बसायची आणि मलाच पाठ करायची! 'डावीकडून उजवीकडे लहान, वरून खाली मोठा.' अरे, पण का? विचारणारी एकच मुलगी. तिला वर्ग टिटवी म्हणे. ती मात्र तास संपला तरी माझ्यासमोर उभी असायची.

परीक्षेच्या दिवशी तर कहरच झाला. कोणी नक्कल करू नये म्हणून काकांनी माझं तोंड खिडकीकडे फिरवलं, पाठ वर्गाकडे. वर्षभर ज्याच्याकडे कोणी बघितलं नाही, त्याचीच एवढी भीती!

प्रश्न नेमका माझाच आला. ओळीत डावीकडून उजवीकडे जाताना अणूचा आकार कसा बदलतो आणि त्यातला इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा कशी बदलते? तेवढ्यात ऊन चढलं आणि कापडातून माझी काळी वर्तुळं आरपार दिसू लागली. मागच्या बाकांवरच्या माना माझ्याकडे वळल्या. देखरेखीच्या बाईंनी पकडलं मात्र टिटवीला!

"काय गं, तक्ता वाचतेस होय? आण तो पेपर. रद्द!"

"बाई, मी नुसती बघत होते."

"नुसतं बघायला तो काय टीव्ही आहे?"

सरांना बोलावणं गेलं. टिटवीचे डोळे भरले, पण आवाज पडला नाही. "सर, बघून लिहिलं असतं तर उलटं आलं असतं ना! मागून बघा, लहान वर्तुळ डावीकडे दिसतंय. मी तर लिहिलंय, अणू लहान होत जातो."

सरांनी कित्येक वर्षांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग तिचा पेपर पाहिला. "का लहान होतो?"

"कवच तेच, पण केंद्रातला धनप्रभार वाढत जातो. तो इलेक्ट्रॉनांना आत ओढतो, मूठ आवळावी तसा. मग त्या मुठीतून एक सोडवायचा तर साधारणपणे ऊर्जा जास्त द्यावी लागते."

"मग बघत काय होतीस?"

"विचार करताना मी तिकडेच बघते, सर. सवय झालीय."

मित्रांनो, मला डोळे असते तर तेव्हा मीही रडलो असतो.

मागच्या बाकांवर एकदम खाडाखोड सुरू झाली. तिथे सगळ्यांचे अणू उजवीकडे फुगत चालले होते! सर म्हणाले, "असू द्या रे, फुगू द्या. पेनं खाली!"

बाईंनी पेपर परत दिला. "घे गं पोरी, चुकलं माझं. गेलेला वेळ भरून देते."

तिला न्याय मिळाला, देवाची कृपा. पण माझं काय? परीक्षा संपली, निकाल लागले, टिटवी पुढच्या शाळेत गेली. मला सरळ करायचं कोणाच्याही लक्षात नाही. नव्या वर्गाला मी उलटाच दिसतो आहे आणि त्यांचे अणू आत्तापासूनच फुगू लागले आहेत.

म्हणून हात जोडून, आणि रागावूनही, सांगतो. मित्रांनो, मला पाठ करू नका. उठा, आधी मला सरळ करा!