फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत

त्या उन्हाळ्यात विलगूनामध्ये मला सगळे ‘टायरवाली टीगन’ म्हणत होते, आणि मला ते भयंकर आवडत होतं.

नाव मिळालं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनामुळे. बाकीची पोरं ज्वालामुखी करत बसली होती, बटाट्यावर दिवे लावत होती. मी एरल मामाच्या दुकानातून तीन हायवे टायर उचलले. तिन्ही यूटला, म्हणजे मागे उघडा ट्रे असलेल्या आमच्याकडच्या गाड्यांना, आणि मोठ्या जीपगाड्यांना बसणारे, तिन्ही खिशाला परवडणारे. ओल्या डांबरावर ब्रेक मारला की गाडी किती घसरते, शंभरच्या वेगाला आत किती आवाज येतो, नक्षी किती भराभर झिजते, असं सगळं मी ताडून पाहिलं. ब्रेक मामाने मारले, मापं मी घेतली, किंचाळलो दोघंही. पहिला नंबर! नववीपर्यंत मला हजेरीला ‘हो’ म्हणतानाही घाम फुटायचा, आणि आता अख्ख्या शाळेसमोर माईकवर मी टायरवर बोलले. लोक हसले, आणि मला जिथे हवं होतं नेमके तिथेच हसले. त्यानंतर माझं तोंड बंद करणं कुणाला जमलं नाही.

जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, सुट्टी होती, म्हणून मामाने माझा प्रदर्शनातला तक्ता दुकानाच्या भिंतीवर लावला आणि मला काउंटरवर बसवलं. तो आत गाड्यांखाली, मी बाहेर गिऱ्हाइकांसमोर, कानामागे पेन.

“कच्च्या रस्त्यावर किती जाता?” मामाने शिकवलेला हा पहिला प्रश्न. सगळा रस्ता डांबरी असेल तर हायवे टायर. तो स्वस्त, आवाज कमी, डिझेलही कमी जातं. पण कच्चा रस्ता असेल तर जाड बाजूंचा, रांगडा, महागडा टायर. हायवे टायरची बाजू पातळ असते, आणि आमच्याकडचे लाल दगड पालथे पडले तरी धार वरच असते.

गंमत अशी की विलगूनात प्रत्येकाचा थोडा तरी रस्ता कच्चा निघायचाच. कुणाचा भाऊ आडबाजूला राहतो, कुणी मासे पकडायला नदीवर जातो. आले की रांगडे टायर घालून जायचे. माझ्या तिघांत पहिला आलेला हायवे टायर मांडणीवर तसाच.

“काय गं, तुझा चॅम्पियन धूळ खातोय,” मामा येता-जाता टोमणा मारायचा. “त्याला पदक घाल आणि शाळेत परत ने.”

अशात एका सोमवारी मिसेस डॉकेरी आल्या. क्लेम, म्हणजे त्यांचा नवरा, गाडीतच हॅट घालून बसून होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आता त्यांना माणूस आणि झाड यातला फरक माणूस बोलला तरच कळतो, असं ते स्वतःच सांगायचे.

“गुरुवारी याचं ऑपरेशन,” मिसेस डॉकेरी म्हणाल्या. “टॅलोरनला. सर्जन सिडनीहून येतो, वर्षातून दोनदा, एकेक दिवस. अकराच्या आत भरती व्हायचंय. आणि हे असले टायर घेऊन मी एवढ्या लांब जाणार नाही.”

मी वाकून पाहिलं. नक्षी पार झिजून गुळगुळीत झाली होती. “मिसेस डॉकेरी, हे टायर नाहीत, हे डोनट आहेत.”

“काय म्हणाली पोरगी?” क्लेम आतून ओरडले.

“डोनट म्हणाली!”

“माझ्यासाठी दोन सांग!”

मी पेन काढलं. “कच्च्या रस्त्यावर किती जाता?”

“कच्च्या? छे गं. आम्ही म्हातारे आता कुठे जातो? इथे गावात, नाहीतर टॅलोरनला. सगळं डांबरी.”

सगळं डांबरी! हे वाक्य मला त्या सुट्टीत पहिल्यांदाच ऐकू येत होतं.

आमच्याकडची एक गोष्ट सांगते. फाटकापासून घरापर्यंतची वाट आमच्याकडे कुणी रस्त्यात धरत नाही. रस्ता म्हणजे सरकारचा. फाटकाच्या आत आलात की तुम्ही घरी आलात, मग घर अजून दिसत नसलं तरी. तुमच्या व्हरांड्यात रोज किती चालता, असं विचारलं तर तुम्ही तरी हिशेब द्याल का? डॉकेरींची वाट तीसेक किलोमीटरची आहे. अख्खी दगडांची. मिसेस डॉकेरी खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या डोक्यात ती वाट म्हणजे घरच होतं.

पण माझ्या डोक्यात तसं नव्हतं. मी त्या वाटेने गेले होते. सहावीत, त्यांच्या नातीच्या, पिपाच्या वाढदिवसाला. त्या वाटेवर मी दोनदा ओकले होते. पेन हातात धरून उभी असताना मला ते आठवलं. अगदी लख्ख आठवलं. खडखड, लाल धूळ, सीटवरचा वास, सगळं.

आणि मग मी मांडणीवरच्या माझ्या चॅम्पियनकडे पाहिलं.

“मग तुमच्यासाठी हाच,” मी म्हणाले, आणि माईकवर बोलले होते ते सगळं पुन्हा बोलून दाखवलं. अगदी त्याच जागी त्याही हसल्या.

त्यांच्या यूटच्या ट्रेमध्ये दोन स्टेपन्या होत्या. “दोन-दोन कशाला वागवता?” मी वर म्हणाले. “नव्या टायरांवर एक पुरे. तेवढीच जागा होईल.”

“बरं झालं, क्लेमची घडीची खुर्ची मावेल. तिथे दवाखान्यात बसायला धड काही नसतं.”

मामाने चारही टायर बसवले. मी ‘सगळं डांबरी’ लिहून दिलं होतं, म्हणून त्याने काही विचारलं नाही. नवी चाकं थोडी पळाली की नट पुन्हा आवळायचे, हा त्याचा नियम. “गुरुवारी जाताना आठ वाजता थांबा,” तो म्हणाला. “पाच मिनिटांचं काम.”

त्या गेल्यावर मामाने रिकाम्या मांडणीकडे पाहून मला सलाम ठोकला. मी झुकून तो घेतला. त्या रात्री जेवताना मात्र मला ती खडखड पुन्हा आठवली, आणि मी आणखी बटाटे वाढून घेतले.

गुरुवारी आठ वाजले. साडेआठ होत आले. मी काउंटरवरचा एकच कोपरा तिसऱ्यांदा पुसला.

“सरळ पुढे गेले असतील,” मामा म्हणाला.

“मिसेस डॉकेरी? त्या तर रिकाम्या रस्त्यावरही इंडिकेटर देतात.”

घरचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. गाड्यांशी बोलायच्या रेडिओवर मामाने दोनदा हाक मारली. नुसती खरखर. मोबाइल तर तिकडे चालतच नाही.

“मामा,” मी म्हणाले, “त्यांची वाट...”

“कुठली वाट?”

“फाटकाच्या आतली.”

मामाच्या हातातला पाना हळूच बाकावर टेकला. तो माझ्याकडे पाहत राहिला. “तिने डांबरी सांगितलं होतं ना?”

“हो,” मी म्हणाले. खरंच होतं ते. एवढं खरं उत्तर मी आयुष्यात दिलं नसेल, आणि देताना एवढी लाजही वाटली नसेल.

आम्ही मामाच्या यूटमध्ये जुळणारी दोन चाकं टाकली, पाण्याचा कॅन टाकला आणि निघालो. हायवेवर समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करत होता, मामाही उचलत होता. मी माझे हात मांड्यांखाली दाबून बसले होते. फाटक उघडायला उतरले तर लोखंड आत्ताच भाजत होतं.

दुसऱ्या उतारानंतर ते दिसले. यूट एका बाजूला कललेली. तिच्या सावलीत घडीची खुर्ची, खुर्चीवर क्लेम, इस्त्रीचा पांढरा शर्ट, टाय लावलेला. मिसेस डॉकेरी त्यांना हॅटने वारा घालत होत्या. एक टायर बाजूने उभा फाटला होता. तो काढून स्टेपनी लावली होती. मग थोड्याच अंतरावर मागचाही तसाच फाटला होता.

आम्ही दार उघडायच्या आतच मिसेस डॉकेरी सुरू झाल्या. “माझीच चूक, एरल! पोरीने विचारलं आणि मी ही वाट हिशेबात धरलीच नाही. जन्म गेला इथे माझा. मूर्ख बाई!”

“नाही, नाही, चूक माझी,” मामा म्हणाला. “बसवताना मी विचारायला हवं होतं.”

“कुणाची नाही, माझी,” खुर्चीतून क्लेम म्हणाले. “उशीर होतोय, जोरात हाण, असं मीच म्हणालो.”

“तू? तुला दिसतं तरी का?”

“म्हणूनच तर म्हणालो जोरात हाण!”

तिघंही हसले. मीसुद्धा हसले, तोंडाला सवय झाली होती ना. चहाबरोबरच्या बिस्किटांसारखी ती चूक फिरत होती, जो तो एकेक उचलत होता, आणि माझ्यापर्यंत बशी येतच नव्हती.

“आणि टीगनने तर बिचारीने पहिला प्रश्न तोच विचारला होता,” असं म्हणून मिसेस डॉकेरींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा हात गार होता. एवढ्या उन्हात गार.

मामाने आमची दोन चाकं उतरवली आणि स्वतःच्या यूटची किल्ली त्यांना दिली. “हिच्यात जा. हिचे टायर दगड खातात. तुमची आम्ही मागून आणतो.”

क्लेमना आत बसवलं. मिसेस डॉकेरींनी गाडी सुरू केली. मी खिडकीशी उभी होते, आणि मला दिसत होतं की मी गप्प राहिले तर हे असंच राहणार आहे. कायमचं. सगळे मला बिचारी म्हणणार.

“मिसेस डॉकेरी, मला माहीत होतं.”

“काय गं?”

“ही वाट. मी पिपाच्या वाढदिवसाला आले होते. मी ओकले होते.”

“दोनदा. माझ्या सीटवर.”

“तुम्ही ‘सगळं डांबरी’ म्हणालात तेव्हा मला ते आठवलं होतं. तेव्हाच. पण मी बोलले नाही. माझा टायर कुणी घेत नव्हतं. मला तो विकायचा होता.”

एक माशी क्लेमच्या टायवर बसली, उडाली, पुन्हा बसली. मिसेस डॉकेरी माझ्याकडे अशा पाहत होत्या, जणू मी आत्ताच कुठून तरी आले होते आणि त्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं.

“खुर्ची राहिली,” त्या शेवटी म्हणाल्या. “मागे टाक.”

मी घडी घालून खुर्ची ट्रेमध्ये ठेवली, बांधली. त्या गेल्या. धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

मामाने जॅकचा दांडा माझ्या हातात दिला. तो बाजूला उभा राहिला आणि दोन्ही चाकं त्याने माझ्याकडूनच बदलून घेतली. माझे तळवे सोलले.

“मामा, बोल ना काहीतरी.”

“बोलतोय की. तो नट अजून ढिला आहे.”

ते पोहोचले तेव्हा भरती बंद झाली होती. नर्स खूप चांगली होती म्हणे, तिने आत जाऊन दोनदा विचारलं. पण सर्जनचं विमान दुपारचं होतं. पुढची खेप जुलैत.

हे मला मामाने सांगितलं, दुकान बंद करताना, माझ्याकडे न पाहता. दुसऱ्या दिवशी त्याने डॉकेरींच्या यूटला चार रांगडे टायर घातले. माझा तक्ता मी स्वतः काढला. मामाने तो परत लावला. “मापं बरोबर आहेत,” तो म्हणाला, “ती कशाला काढतेस?” त्यावर मला जेवढं रडू आलं तेवढं तो ओरडला असता तरी आलं नसतं.

आठवड्याने मिसेस डॉकेरींचा फोन आला. “क्लेमला पेपर वाचून दाखवायला कुणीतरी हवंय. मी वाचते तर म्हणतो मी बातम्या गाळते.”

“ही शिक्षा आहे का?” मी विचारलं.

“शिक्षा कसली? शनिवारची दुपार आहे. दुकानापाशी तुला घ्यायला येते. तुला शिकाऊ लायसन्स मिळालंय ना? मग गाडी तूच चालव.”

शाळा सुरू झाली तरी मी दर शनिवारी जाते. मिसेस डॉकेरी शेजारी बसतात, मी चालवते, आणि फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत मी कधीच घाई करत नाही. दुकानात आता मी कच्च्या रस्त्याचं विचारत नाही. मी विचारते, “फाटकापासून तुमची किटली किती लांब?” लोक हसतात. मग थांबून विचार करतात. मग खरं सांगतात.

मी क्लेमना मेंढ्यांचे भाव वाचून दाखवते, क्रिकेट वाचते, मयतांच्या बातम्या वाचते. त्या त्यांना सगळ्यात जास्त आवडतात. मी चुकीचं नाव वाचलं तर ते दुरुस्त करतात, कारण सगळ्यांना ते ओळखत असतात.

चहा ते स्वतःच ओततात. डाव्या हाताचं बोट कपाच्या काठावरून आत वाकवतात आणि किटली तिरकी करतात. चहा बोटाला लागला की थांबतात. दर वेळी चहा उकळता असतो, आणि दर वेळी बोटाचं टोक लाल होतं.

“मी ओतू का?” असं मी पहिल्या शनिवारी विचारलं होतं.

“तू वाच,” ते म्हणाले.

मी वाचते.