कापलेलं वर्ष

बारावीला टेक्निकल विषय घेऊन प्रणितानं भरपूर मार्क मिळवले, म्हणून यवतमाळच्या एका पॉलिटेक्निकनं तिला थेट दुसऱ्या वर्षाला घेतलं. तिच्या बापाचं, शेषरावांचं डोकं सटकलं. गेल्या हंगामात कापूस ओला म्हणून खरेदी केंद्रावरच्या ग्रेडरनं वजनात कट्टी लावून काही किलो कापले होते. इथं तर अख्खं वर्षच कापलं!

पोरीला घेऊन ते कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर धडकले. "मॅडम, पोरीचं पैलं वर्ष काहून कापलं?"

"कापलं नाही काका. बारावीत शिकली तेच पहिलं वर्ष धरलं."

"पुरं धरलं? काही कट्टी न लावता?"

"पुरं."

घरी परतायला दोघं राळेगावच्या एसटीत बसले. मग शेषराव पोरीकडं वळून म्हणाले, "प्रणिता, औंदा कापसाच्या काट्यावर ह्या मॅडमलेच बसवू!"