दोन्हीकडची मुलाखत

"दोन माणसं धंदा करतात, तिसरं माणूस त्यांना विचारत फिरतं की बाबांनो, तुम्ही धंदा कसा करता? आणि एवढ्यावर हिला डॉक्टर म्हणायचं! ताप आला तर गोळी तरी देशील का गं?" आत्या हे भाचीला कारखान्यातल्या सगळ्यांसमोर विचारायची आणि वर स्वतःच खो खो हसायची. भाचीही ते हसण्यावारी न्यायची. आत्याच्या तोंडाला लागण्यात काही अर्थ नसतो, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

भाचीच्या पीएच.डी.चा विषय होता पुरवठा साखळी. बनवणारा, विकत घेणारा आणि त्या दोघांमधला विश्वास. नुसते प्रश्नांचे कागद वाटायचे, लोकांनी एक ते पाचमध्ये कुठेतरी खूण करायची आणि त्यावरून विश्वास मोजायचा, हे काही तिला पटेना. स्वतःच्या विश्वासाला पाचाहून कमी कोण देतंय? म्हणून तिने दुसरी वाट धरली. एकाच व्यवहाराच्या दोन्ही टोकांना जायचं, दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघायची. अशा चार-पाच जोड्या तिने जमवल्या होत्या. त्यातली एक घरातलीच होती. प्लास्टिकची हँडलं बनवणारी आत्या, आणि ती हँडलं आपल्या प्रवासी बॅगांना लावणारी मोठी कंपनी.

अट एकच. इकडचं तिकडे जाणार नाही. दोघांनाही तिने तसं लिहून दिलं होतं.

"सख्खी आत्या आहे. जमेल?" मार्गदर्शक मॅडमनी तेव्हाच टोकलं होतं.

"न जमायला काय झालं?" ती म्हणाली होती. माणूस असं पटकन बोलून जातं.

आत्याची मुलाखत कारखान्यातच झाली. पत्र्याच्या शेडमध्ये दोन मशिनं, तापल्या प्लास्टिकचा वास, आणि कोपऱ्यात तिचं टेबल. नवीन साच्यातलं पहिलं हँडल आलं की आत्या ते छताच्या आकड्याला अडकवून स्वतः लोंबकळून बघायची. तिचं वजन पेललं तर जगातली कुठलीही बॅग पेलेल, असा तिचा हिशेब होता आणि तो चुकलाही नव्हता.

"ऑर्डर आली की पहिलं काय करतेस?"

"कात्री लावते." आत्याने दोन बोटं कात्रीसारखी हलवून दाखवली. "तो मिशीवाला आहे ना खरेदीतला, मनाचा मोठा, पण तोंडाने त्याहून मोठा. नेहमी वाढवूनच सांगणार. स्वभाव! तेवढा माल खरंच धाडला तर त्याच्या गोदामात पडून राहील आणि वरचे त्याचीच खरडपट्टी काढतील. म्हणून मी गुपचूप तिसरा हिस्सा उडवते. इतकी वर्षं झाली, कधी ओरड नाही. सांभाळून घेते झालं त्याला. पण हे त्याला कळता कामा नये हं. बिचाऱ्याला वाटेल, मी त्याला फेकू समजते."

पुढच्या आठवड्यात भाची मिशीवाल्या साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये बसली. साहेब भला माणूस. चहा मागवला, आत्याच्या गुडघ्याची चौकशी केली. दर आठवड्याला दोघांचं फोनवर बोलणं व्हायचं. मुलांचे निकाल, साहेबांचं पित्त, आत्याचा गुडघा, काही म्हणून बाकी ठेवत नसत.

"तुमच्या आत्याचा माल एक नंबर," साहेब म्हणाले. "फक्त झेप कमी. दोन मशिनांवर करून करून किती करणार? पण बाई मानी. जमत नाही असं तोंडातून निघायचं नाही. मग मी काय करतो, मुळातच वाढवून मागतो. त्या कमी देतात, आम्हाला हवं तेवढं बरोबर मिळतं, त्यांचाही मान राहतो. सांभाळून घ्यायचं असतं हो."

भाचीला हसू आवरेना. दोघंही एकमेकांवर उपकार करत होते, आणि दोन चुका मिळून आकडा मात्र दरवेळी बरोबर येत होता. असं घबाड संशोधनात रोज सापडत नाही. मनातल्या मनात तिने त्या प्रकरणाला नावसुद्धा देऊन टाकलं.

मग साहेब जरा पुढे झुकले. "हे अजून बाहेर पडायचंय. मला दुसऱ्या खात्यात टाकतायत. पुढल्या महिन्यापासून दुकानातल्या विक्रीवरून ऑर्डर संगणकच काढणार. लागतं तेवढंच मागणार, वर एक नग नाही. आणि ज्याचा माल कमी येईल त्याचं नाव तिथल्या तिथे बाद. विनवण्या करायला समोर माणूसच नाही." ते समाधानाने मागे टेकले. "तुमच्या आत्याला बरंच झालं म्हणा. आता मागणीच कमी येईल, ओढाताण नाही."

तिचं हसू कुठल्या कुठे पळालं. आत्या त्या खऱ्या आकड्यालाही कात्री लावणार होती. सवयीने, आणि मायेने. पहिल्याच खेपेला तिचं नाव बाद होणार होतं, आणि त्या कंपनीशिवाय आत्याला दुसरं मोठं गिऱ्हाईक नव्हतं. दोन मशिनं, सात माणसं, सगळं त्या हँडलांवर उभं होतं. आणि हे कळलेलं माणूस जगात एकच होतं, ज्याने तोंड उघडायचं नाही असं लिहून दिलं होतं.

ती तडक मॅडमकडे गेली.

"एकदा का सांगितलंस, की मग तू त्यांचा अभ्यास करत नाहीस, त्यांच्यात पडलेली असतेस," मॅडम म्हणाल्या. "मग ही जोडी प्रबंधातून काढायची. आधी परवानगी माग. दोघांची."

"आणि नाही मिळाली तर?"

मॅडमनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "मग मला विचारायला येऊ नकोस," त्या म्हणाल्या.

तिने एकाचं दुसऱ्याला सांगायची परवानगी मागितली. का मागते हे सांगायची सोय नव्हती, त्यामुळे दोघांनाही ती वेडगळ वाटली असणार. आत्या आधी म्हणाली, "सांग जा, मी काय चोरी केलीय?" दरवाजापर्यंत पोचल्यावर मागून ओरडली, "ए, थांब! नको. त्याला वाईट वाटेल." साहेब फोनवर म्हणाले, "छे छे, त्यांना वाईट वाटेल." तिला दोघांचाही अस्सा राग आला! एकमेकांना जपता जपता हे दोघं खड्ड्यात चालले होते.

महिना उलटला. त्या सकाळी ती कारखान्यात पोचली तेव्हा आत्या टेबलाशी उभी होती. संगणकाची पहिली ऑर्डर आली होती.

"बघ, ह्या वेळी मिशीवाल्याने जरा आवरतं घेतलेलं दिसतंय," आत्या खुशीत म्हणाली आणि मशीनवाल्याला हाक मारली. "ह्यातला तिसरा हिस्सा सोड. बाकीच्यापुरता प्लास्टिकचा दाणा भरायला घे."

"आत्या, पूर्ण घाल," भाची म्हणाली.

"का?"

"का विचारू नकोस. पूर्ण घाल."

आत्याने ऑर्डरवरचा आकडा पुन्हा वाचला. बाई शाळेत फार शिकली नसेल, पण तिच्यापासून काही लपवायचं म्हणजे दिव्यच.

"म्हणजे हा आकडा खरा आहे," आत्या सावकाश म्हणाली. "मग एरवी तो वाढवत होता ते कशाला?"

आता अर्धं सांगून भागणार नव्हतं. "तू दरवेळी कमी देतेस म्हणून. त्यांना वाटतं, तुला झेपत नाही. आणि आता ऑर्डर संगणक काढतो, माल कमी आला की तुझं नाव बाद."

आत्या खुर्चीत बसली. मशीनवाला अवघडून बाहेर गेला.

"मला झेपत नाही?" आत्याचा आवाज एकदम लहान झाला. "दोन्ही मशिनं रात्रपाळीला चालवून दुप्पट दिला असता मी माल. आणि तो इतकी वर्षं माझी कीव करत होता? फोनवर गुडघा विचारत होता तोसुद्धा त्यासाठीच का गं?"

"तूही त्यांना फेकूच समजत होतीस ना?"

"मी मायेने समजत होते!" आत्या उसळून म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भाचीने तिला असं कधी पाहिलं नव्हतं. ऑर्डर जाण्याची भीती तिला शिवलीसुद्धा नव्हती. तिला लागलं होतं ते भलतंच.

थोड्या वेळाने आत्याने डोळे पुसले, मशीनवाल्याला बोलावून पूर्ण दाणा भरायला सांगितला आणि साहेबांना फोन लावला. भाचीने नको नको म्हणून हात हलवले, पण आत्या ऐकतेय होय!

"माल पूर्ण येतोय," ती फोनवर म्हणाली. "आणि ऐका, मी कधीच कमी पडत नव्हते. मी तुम्हाला सांभाळून घेत होते."

पलीकडून साहेब काहीतरी बोलले. आत्याने फोन भाचीकडे दिला.

"मी नको म्हटलं होतं तुम्हाला," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त झोंबलं.

"हो सर. चुकलं माझं. तुमची मुलाखत मी अभ्यासातून काढून टाकते."

"काढा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मशीन सुरू झालं. पहिलं हँडल पडलं, दुसरं पडलं. आत्या उठली नाही, तिने ते तपासलंही नाही.

"मग आता तुझ्या अभ्यासाचं काय?"

"ही जोडी गेली. दुसरी शोधायची."

"आणि तिथंही एक जण असाच बुडायला निघाला, तर सांगशील?"

"नाही. तिथे वचन पाळेन," भाची म्हणाली. तिला रडू येत होतं. "तिथे कोण माझी आत्या असणारेय?"

"कुणाची तरी असेलच की गं," आत्या म्हणाली.